वाजवी कारण

“काका, एक फुंकर मारायला तुमचं काय जात होतं?”

मी तिसऱ्यांदा विचारलं. समोरच्या खुर्चीत महिपती अवघडे टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “न्हाई मारली, बाई.”

“ते कळलं मला. पोलिसांनीही तेच लिहिलंय. का नाही मारली?”

“न्हाई मारली.”

“प्यायला होतात?”

“उभ्या जन्मात न्हाई. नुसता वास आला तरी मळमळतं मला.”

“मग तर काही प्रश्नच नव्हता! फुंकायचं, मशीनवर शून्य दाखवायचं आणि घरी जायचं.”

यावर ते टोपीवरचा नसलेला धागा काढत बसले.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सनद घेऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आमच्या तालुक्याच्या गावात गुळवे वकिलांचं ऑफिस कापडाच्या दुकानावर, एका उभ्या लाकडी जिन्याच्या टोकाला होतं. तिथं माझं काम म्हणजे तारखा लिहून घेणं, फायली वाहणं आणि कोर्टात उभं राहून “साहेब येतायत” असं सांगणं. साहेब कधी यायचे, कधी नाही. कोर्टातले शिपाई मला मागून ‘येतायत मॅडम’ म्हणायचे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अशात महिपतकाकांची केस माझ्या टेबलावर आली, ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. तिच्यात काही दम नाही असं गुळवेसाहेबांचं मत होतं म्हणून.

केस साधी होती. महिपतकाका दौलत ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँडचा टेम्पोही तेच चालवायचे. एका खेड्यातलं लग्न वाजवून दुपारी साडेतीनला मंडळी परत निघाली होती. पुढं महिपतकाका आणि शेजारी बँडचे मालक दौलतमास्तर. मागं ढोल, झांजा आणि चार वादक. फाट्यावर पोलिसांची नाकाबंदी होती. तालुक्याला तेव्हा श्वास तपासायचं यंत्र नवं कोरं आलेलं, आणि हवालदार खरमाटे ते हातात घेऊन उभे. टेम्पोला दारूचा भपकारा येत होता. चालकाचे डोळे लाल, बोलणं तुटक, पाय लटपटत असलेले. “फुंका,” म्हणाले हवालदार. “न्हाई फुंकत,” म्हणाले महिपतकाका. मग सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी रक्त काढायची तयारी केली, तर यांनी सदऱ्याची बटणं लावली आणि “रक्तबी देत न्हाई” असं लिहून त्याखाली सही ठोकली.

गावाला हसायला एवढं पुरे होतं. पस्तीस वर्षं फुंकून पोट भरलेल्या माणसानं पोलिसांच्या नळीत फुंकायला नकार दिला! चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, “सुपारी दिली नसणार पोलिसांनी. सुपारीशिवाय महिपती फुंकत नाही.” हे मी ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं होतं, ते आता कबूल करायला हरकत नाही.

“हे बघ कल्पना,” गुळवेसाहेब म्हणाले. ते बोलताना नेहमी चष्मा पुसायचे, त्यामुळे महत्त्वाचं सगळं ते समोरचं काही दिसत नसताना बोलायचे. “गुन्हा कबूल करून टाक. दंड होईल, लायसन काही महिने जाईल, विषय संपला.”

“साहेब, ते प्यायलेच नव्हते म्हणतात.”

“सगळे म्हणतात.”

“पण यांचं खरं वाटतं.”

“तेही सगळ्यांचं वाटतं. पहिली पाच वर्षं.” त्यांनी चष्मा लावला, कपाटातून मोटार वाहन कायद्याचं पुस्तक ओढलं आणि माझ्यापुढं उघडून ठेवलं. “कलम दोनशे पाच. वाच. तपासणीला नकार दिला की कोर्ट तो नकार आरोपीच्या विरोधात धरू शकतं. सुटका कशात आहे?”

मी वाचलं. “वाजवी कारण दाखवलं तर.”

“तर ते कारण घेऊन ये. कारण मिळालं तर लढ. नाही मिळालं तर माझा आणि त्याचा वेळ खाऊ नको.”

आज एवढी वर्षं कोर्टात काढल्यावर मी त्या केसमध्ये आणखी चार मुद्दे काढले असते. तेव्हा मला तो एकच शब्द दिसत होता. कारण.

महिपतकाकांना मी सांगितलं, की कबूल केलं तर लवकर सुटाल, फक्त लायसन काही महिन्यांसाठी जाईल. तोवर दगडासारखा बसलेला माणूस एकदम पुढं झुकला. “लायसन जाता कामा न्हाई, बाई. बाकी काय पण करा. गाडी मीच चालवाय पायजे.”

“का? दुसरा कुणी चालवेल की चार महिने.”

“न्हाई. मीच.”

“मग फुंकलं का नाही ते सांगा.”

पुन्हा पंखा.

*

दौलतमास्तरांचं दुकान एसटी स्टँडच्या मागं होतं. बाहेर लाल कोट वाळत घातलेले, आत भिंतीवर पितळेची वाद्यं टांगलेली. मास्तर टेबलाशी बसून ट्रंपेट पुसत होते. भरघोस मिशा, काळ्याभोर रंगवलेल्या. वय महिपतकाकांएवढंच, छप्पन-सत्तावन. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच उस्तादापाशी शिकले आणि विशीत दोघांनी मिळून बँड काढला. नाव दौलतचं पडलं, कारण पाटी रंगवणाऱ्याला ‘महिपती’ लिहायला जागा पुरली नाही. हे मास्तरांनीच मला सांगितलं, चहा येईपर्यंत.

“तो प्यालेला न्हवता,” ते म्हणाले. “कुठंबी सांगतो. शेजारी बसलो हुतो मी.”

“मग वास कसला येत होता?”

“माझा एक घोट असंल. मागच्या चौघांचे चार-चार. आन् नवरदेवाच्या दोस्तांनी नाचताना बाटल्या हलवून आमच्यावर उडवल्या, त्यो कोटांचा वास. महिपतीचा कोट तर पार भिजलेला. शिव्या देत हुता.”

मी हे सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, “मास्तर, मग ते फुंकले का नाहीत?”

मास्तरांचा पुसणारा हात थांबला. मग ते एकाच जागी पुन्हा पुसू लागले.

“त्यालाच इचारा,” ते म्हणाले.

“विचारलं. सांगत नाहीत.”

“मग मी कसं सांगू?”

साक्षीदार म्हणून यायला ते एका पायावर तयार होते. मी त्यांचं नाव यादीत टाकलं, पहिल्या नंबरवर. कारण मात्र अजून शून्य होतं.

*

ते मला सापडलं आमच्याच गल्लीत, सकाळी नऊ वाजता, घामाच्या धारा लागलेल्या असताना.

शेजारच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. आमच्याकडे त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात, आणि परण्या म्हटलं की बँड आलाच. तो दौलत ब्रास बँड निघाला. महिपतकाका दौलतमास्तरांच्या उजव्या हाताला उभे, लाल कोटात, क्लॅरिनेट तोंडाला लावून. मला पाहून ते किंचित दचकले, पण वाजवणं सुरूच होतं.

गल्ली अरुंद. बायकांच्या घोळक्यातून ढकलली जात मी नेमकी त्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशी येऊन पोचले. ढोल कानठळ्या बसवत होता. मास्तरांचा ट्रंपेट डाव्या कानात घुसत होता. पलीकडच्या बाजूचा दुसरा क्लॅरिनेटवाला गालांचे फुगे करून वाजवत होता, त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या होत्या.

आणि महिपतकाकांचे गाल सपाट होते.

त्यांची बोटं अशी सुरेख फिरत होती, की बघत राहावं. एकही बोट चुकत नव्हतं. मान गाण्याबरोबर डोलत होती, भुवया वर जात होत्या. पण ओठ नळीवर नुसते टेकलेले. मी कान जवळजवळ त्यांच्या क्लॅरिनेटला लावला. काही नाही. फुंकर म्हणून नाही.

त्यांनी तिरक्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाचा आ झालेला असणार. त्यांची बोटं तशीच चालत राहिली, पण डोळ्यांनी त्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले. दुसरा शब्द मला सापडत नाही.

मारुतीपाशी नवरदेव उतरला. बँडवाले पाणी प्यायला पांगले. मी देवळामागच्या पारावर जाऊन बसले. थोड्या वेळानं महिपतकाका आले. वीस-पंचवीस पावलंच होती, पण पोचल्यावर त्यांना उभं राहून श्वास गोळा करावा लागला. तेव्हा मला आमचा जिना आठवला. पहिल्या दिवशी वर आल्यावर ते पाच मिनिटं काहीच बोलले नव्हते. मला वाटलं होतं, वकिलाकडं यायची लाज वाटत असेल.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वरसं. छातीत पाणी झालं हुतं. दौलतला सांगितलं, मेव्हण्याकडं जातो, आन् मोठ्या दवाखान्यात पंधरा दिस पडून ऱ्हायलो. पाणी काढलं. डॉक्टर म्हनला, एक बाजू बसली तुमची, आता फुकणीनं चूलबी फुकायची न्हाई.” ते हसले आणि त्या हसण्यानंही त्यांना दम लागला.

“आणि मास्तरांना माहीत नाही?”

“कुनालाच न्हाई. घरी मंडळीला तेवढं.” ते माझ्या शेजारी बसले. “मी येड्यावानी सुरुवात केली, बाई. म्हटलं, चार दिस नुसता धरून उभा ऱ्हातो, ताकद येईल. ताकद काय आली न्हाई. पन ढोलाच्या गोंगाटात कुनाला कळंना पन. मग गाडी चालवायचं अंगावर घेतलं. म्हटलं, वाजवत नसलो तरी कायतरी कामाचा आसंन.”

“म्हणून लायसन.”

“म्हनून.”

फाट्यावर काय झालं तेही मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पुढं एक जीपवाला होता. हवालदार त्याला म्हणत होते, “मशीन वाजेपर्यंत फुंकायचं. मध्येच सोडायचं नाही.” धट्टाकट्टा जीपवाला, त्याचाही चेहरा लालबुंद झाला तेव्हा कुठं ते यंत्र वाजलं. महिपतकाका पाहत होते. आपल्याला हे जमणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. आणि शेजारी दौलत उभा, मागं चारही वादक टेम्पोतून माना काढून बघत असलेले.

“क्लारनेटवाल्याला फुकता येईना, हे त्या समद्यांम्होरं? त्यापरीस दारुडा बरा की वो, बाई.”

“आणि दवाखान्यात? रक्त द्यायला फुंकावं लागत नाही.”

“डॉक्टरनं आधी ती नळी लावली छातीला. म्हनला, लांब श्वास घ्या. दौलत हितं शेजारी. आता डॉक्टर कायतरी बोलंल म्हनून मी बटनंच लावली. परत तपासायचाच प्रश्न नगं, म्हनून रक्तालाबी न्हाई म्हटलं.”

“काका, हे कोर्टात सांगितलं तर तुम्ही सुटाल. कायद्याला हेच हवंय.”

“दौलत साक्षीला हाय न्हवं?”

“आहे.”

“मग नगं. दंड करा. तुरुंगात टाका.”

मी त्या पारावर बसून माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा युक्तिवाद केला. कोर्टापुढचे नंतरचे सगळे त्यापेक्षा सोपे गेले. साक्षीदाराला त्याची पाळी येईपर्यंत बाहेर बसवतात, हा नियम मी त्यांना समजावून सांगितला. मास्तरांची साक्ष आधी घेऊ, ती झाली की त्यांना काहीतरी कामाला पिटाळू, मग डॉक्टरांना बोलवू. मास्तरांच्या कानावर एक अक्षर जाणार नाही. महिपतकाकांनी माझ्याकडून तीनदा वचन घेतलं. मीही दिलं. दीड वर्षाची वकील काय वाटेल ते वचन देते.

*

न्यायाधीशसाहेबांना त्या दिवशी सर्दी झाली होती. डाव्या हातात रुमाल, उजव्या हातात पेन, आणि चेहऱ्यावर लवकर आटपा असा भाव.

हवालदार खरमाट्यांची साक्ष बरी झाली. माणूस प्रामाणिक होता. मी विचारलं, “वास तोंडाचा होता की गाडीचा?” ते विचार करून म्हणाले, “गाडीतनंच येत होता. कपड्याला बी होता. तोंडाचा असा वेगळा काढता यायचा नाही.” मी विचारलं, “पाय लटपटत होते असं लिहिलंय. त्याआधी आरोपीला किती चालवलं?” फाट्यावरचा चढ, कागद दाखवायला जायचं ती पोलीस साहेबांची जीप चढाच्या टोकाला, टेम्पो तळाशी. “असेल दोनशे पावलं,” ते म्हणाले. मी खाली बसले तेव्हा मला वाटलं, आपल्याला वकिली येते की!

आणि लगेच सगळं उलटंपालटं झालं. मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर दारात उभे. सहीशिक्क्याचे कागद काखेत, घड्याळाकडे बघत. त्यांना दुपारी शस्त्रक्रिया होती; आत्ता घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात या. न्यायाधीशसाहेब शिंकले आणि म्हणाले, “घ्या डॉक्टरांना.”

मी महिपतकाकांकडे पाहिलं. मास्तर बाहेर बाकावरच होते, दरवाजा लोटलेला होता. अजूनही काही बिघडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, एक्स-रे दाखवला, कागद दाखल झाले. “हा रुग्ण त्या यंत्रात लागेल तेवढा वेळ सलग फुंकू शकेल का?” मी विचारलं. “मला फार शंका आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि आपली बॅग उचलून गेले.

मग मी म्हणाले, “साहेब, आता आणखी साक्षीदार नाहीत.” मास्तरांना वगळायचं मी मनात ठरवून टाकलं होतं. पण सरकारी वकील इनामदार उठले. ते तीस वर्षं त्या कोर्टात होते. माझ्याकडे ते काकाच्या मायेनं बघायचे आणि मग माझी केस मोडायचे.

“साहेब, आरोपीच्या यादीत पहिलंच नाव बँडच्या मालकाचं आहे. तो घटनेच्या वेळी शेजारी होता. तो बाहेर बसलाय, आणि मॅडम त्याला आत बोलवत नाहीत. का, ते त्यांनी सांगावं.”

न्यायाधीशसाहेबांनी रुमालाआडून माझ्याकडे पाहिलं. “बोलवा,” ते म्हणाले.

शिपायानं पुकारा केला. दौलतमास्तर धुतलेल्या सदऱ्यात, मिशा ताज्या रंगवून, छाती काढून आत आले. मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. प्यायला होता का? नाही. वास कसला? कोटांचा. आणि खाली बसले.

इनामदार हळूच उभे राहिले. “मास्तर, आरोपी तुमच्या बँडमध्ये आहेत?”

“हायेत.”

“किती वर्षं?”

“पस्तीस.”

“क्लॅरिनेट वाजवतात. गेल्या दोन वर्षांत तुम्ही लग्नं किती केलीत?”

“शंभर-सव्वाशे असतील.”

“प्रत्येक लग्नात आरोपी होते?”

“एकबी चुकला न्हाई.”

सापळा आता लहान मुलालाही दिसला असता. हो, वाजवतात, एवढं मास्तर बोलले की डॉक्टरांची साक्ष कचऱ्यात. सव्वाशे लग्नं फुंकणारा माणूस एका नळीत फुंकू शकत नाही, हे कोण मानणार? मी उठले. “साहेब, हा प्रश्न…” “बसा,” साहेब म्हणाले. आरोपीच्या पिंजऱ्यात महिपतकाकांनी कठडा धरला होता. ते जमिनीकडे बघत होते.

“मग सांगा कोर्टाला,” इनामदार म्हणाले, “सव्वाशे लग्नांत आरोपींनी क्लॅरिनेट वाजवली की नाही?”

मास्तर महिपतकाकांकडे वळले. मग न्यायाधीशांकडे. एक हात मिशीकडे गेला आणि परत खाली आला.

“न्हाई, साहेब.”

इनामदारांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “काय नाही?”

“वाजवली न्हाई. हातात धरतो. बोटं फिरवतो. फुकत न्हाई. दोन वरसं झाली.”

कोर्टात मागं कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. महिपतकाकांनी मान वर केली.

“हे तुम्हाला आरोपींनी सांगितलं? की वकीलबाईंनी?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? पस्तीस वरसं त्याच्या डाव्या हाताला उभा हाय मी. त्याचा सूर ऐकू आला न्हाई तर मला कळायचं न्हाई? पयल्या दिशीच कळलं. मेव्हण्याकडनं आला त्या दिशी.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“तो बोलला न्हाई. मग मी कसा बोलू?”

आता न्यायाधीशसाहेबांनी स्वतःच विचारलं. त्यांनी रुमाल खाली ठेवला होता. “मास्तर, जो वाजवत नाही त्याला दोन वर्षं बँडमध्ये उभा कशाला केलात?”

मास्तरांना या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. “साहेब, आमच्यात नवी मानसं हायेत. मधीच सूर हुकला की त्यांना मी सांगून ठेवलंय, काकाच्या बोटाकडं बघायचं. त्याचं बोट कधी चुकत न्हाई. तो नसला तर आमचं गाणं कुठल्या कुठं जाईल.”

साहेबांनी हे लिहून घेतलं. स्वतःच्या हातानं, सावकाश.

“मग फाट्यावर पोलिसांना हे का नाही सांगितलंत? केसच झाली नसती.”

“त्याच्या म्होरं?” मास्तर म्हणाले. “चार मानसं बघत असताना?”

इनामदारांनी एक शेवटचा प्रयत्न केला. आरोपीला इथंच क्लॅरिनेट वाजवून दाखवायला सांगावं, अशी विनंती त्यांनी केली. “इनामदार,” न्यायाधीशसाहेब म्हणाले, “माझं डोकं आधीच दुखतंय.” हवालदार खरमाटे भिंतीकडे तोंड करून हसले.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. निर्दोष. निकालपत्रात साहेबांनी, श्वास आणि रक्त दोन्हींबद्दल, ‘नकारास वाजवी कारण होते’ असं एक वाक्य लिहिलं होतं. त्याची नक्कल मी बरीच वर्षं पर्समध्ये घालून फिरत होते. गुळवेसाहेबांनी ती चष्मा लावून वाचली, दोनदा, आणि म्हणाले, “उद्यापासून भाडेकरूंच्या केसेस तू बघ.”

पण माझ्या लक्षात राहिलाय तो निकालाचा दिवस नव्हे, साक्षीचा. मास्तर साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरले, तारीख मिळाली, आणि आम्ही तिघं बाहेर आलो. कोर्टाच्या आवारात एक कडुलिंब होता, त्याच्या सावलीत दोघं जाऊन उभे राहिले, हातभर अंतर ठेवून. मला वाटलं, आपण बाजूला व्हावं. पण महिपतकाकांची फाईल माझ्याकडे होती आणि त्यांची सही राहिली होती. मी तिथंच घुटमळले.

मग महिपतकाका म्हणाले, “दोन वरसं मला येड्यावानी उभा केलास.”

“तू उभा ऱ्हायलास,” मास्तर म्हणाले.

“सांगायला काय झालं हुतं?”

“तुला काय झालं हुतं?”

“मला लाज वाटत हुती, दौलत.”

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, मग मिशा पुसल्या. मिशांचा काळा रंग रुमालावर आला.

“ऐक,” महिपतकाका म्हणाले. “आता समद्या गावाला कळणार. आता खोटी क्लारनेट धरायची न्हाई मी. सोंग लय झालं.”

“मग घरी बसणार?”

“बसत न्हाई. मला खुळखुळा दे.”

बँडमध्ये खुळखुळा म्हणजे सगळ्यात शेवटचा मान. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात देतात, दाणे भरलेले दोन डबे, हलवत राहायचे. पस्तीस वर्षं पहिल्या रांगेत उभा राहिलेला माणूस ते मागत होता. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे रडणार.

“खुळखुळ्याला ताल लागतो, महिपती,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “तुला जमंल का न्हाई, सांगता येत न्हाई.”

महिपतकाका असे हसू लागले, की खांदे गदागदा हलायला लागले. मास्तरही हसायला लागले. हसता हसता महिपतकाकांना धाप लागली, त्यांनी झाडाच्या बुंध्याला हात टेकला आणि डोळे मिटून श्वास ओढू लागले. मास्तर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, उजव्या हाताला त्यांना ठेवून. मी फाईल काखेत धरून उभी होते. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. कुणालाच घाई नव्हती.